नाळ थांबेपर्यंत

“थांबा,” सिस्टर म्हणाल्या, आणि डॉक्टर मॅडमनी पुढे केलेला चिमटा तसाच हवेत राहिला.

टेबलावरची बाई नुकतीच मोकळी झाली होती. तिच्या पोटावर पालथं घातलेलं बाळ ठणाणा रडत होतं आणि सिस्टरांची दोन बोटं त्याच्या नाळेवर टेकलेली होती. निळसर, पिळदार नाळ बोटांखाली ठकठकत होती. बाळ जगात आलं तरी त्याचं थोडं रक्त मागे वारेत राहिलेलं असतं. ते नाळेतून त्याच्याकडे येऊ द्यायचं, नाळ पांढरी पडून मऊ झाली की मगच चिमटा लावायचा आणि कापायचं, हा सिस्टरांचा नेम. हल्ली पुस्तकांतही तसंच लिहितात म्हणे. सिस्टर काही पुस्तकांची वाट बघत बसल्या नव्हत्या. “ज्याचं त्याला मिळू दे की! आपली कुठे गाडी चुकतेय?” असं म्हणत त्या प्रत्येक बाळंतपणात अख्ख्या खोलीला ताटकळत ठेवायच्या. म्हणून दवाखान्यात त्यांचं नाव पडलं होतं थांबाबाई. तोंडावर सिस्टर, पाठ वळली की थांबाबाई. हे त्यांना ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

“आता?” मॅडमनी विचारलं.

“आता लावा.”

तेवढ्यात साफसफाईच्या मावशी दारातून डोकावल्या. “सिस्टर, तुमची मनी आलीये तपासायला. आणि तुमच्या जावयाला त्या फोल्डरवालीनं धरलंय बघा. सुटेल असं दिसत नाही.”

सिस्टरांच्या कपाळाला आठी पडली. बाळ-बाळंतिणीचं आवरून, हात धुऊन त्या बाहेर आल्या. बाहेरच्या बाकावर मनी, त्यांची एकुलती एक लेक, भरल्या पोटावर हात ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत बसली होती. दिवस भरत आले होते तिचे. आणि तिच्या शेजारी तिचा नवरा त्या चकचकीत फोल्डरवर ओणवा झाला होता. फोल्डरवाली एका कंपनीची होती. नाळेतलं रक्त गोठवून जपून ठेवायचं, ते त्याच बाळाच्या नावावर, असा त्या कंपनीचा धंदा. पोरगी गोड बोलायची.

“सर, विमाच समजा हो बाळाचा. पुढेमागे कधी काही झालं तर…”

“काही झालं तर म्हणजे काय झालं तर?” सिस्टरांनी मागून विचारलं.

पोरीने चटकन फोल्डर मिटलं. थांबाबाईंशी वाद घालण्यात अर्थ नाही, हे तिला अनुभवाने कळलं होतं. “येते हं सर, कार्ड ठेवा,” म्हणत ती सटकली. जावयाने कार्ड शर्टाच्या खिशात टाकलं आणि वर खिशाचं बटण लावलं.

मनीने मान वळवली नाही. ती म्हणाली, “आई, मी पेटीवाल्यांना हो म्हणून सांगितलंय.”

पेटीवाले म्हणजे सार्वजनिक रक्तपेढीचे. कुणी आपल्या बाळाच्या नाळेतलं रक्त दान केलं की खांद्याला थंड पेटी अडकवून ते न्यायला येत. ते रक्त मग कुणाच्याच नावावर राहत नसे. ज्याला जुळेल त्याचं. जावयाने बायकोकडे बघितलं, मग सासूकडे, आणि खिशावरचं बटण चाचपलं.

हे सगळं छकुलीपासून आलेलं होतं. छकुली मनीची पहिली. एका साध्या तापाचं निमित्त झालं. ताप उतरला, पण त्याच्याबरोबर पोरीचा रंगही उतरला. अंगावर निळे डाग उठायला लागले, दात घासताना बेसिन लाल व्हायला लागलं. मोठ्या दवाखान्यात सांगितलं, हाडांतली मज्जा आटलीये, रक्त बनायचंच थांबलंय; दुसऱ्या कुणाची मज्जा जुळली किंवा नाळेतलं रक्त जुळलं तर आशा. घरात कुणाचंच जुळेना. आईचं नाही, बापाचं नाही. आजीने, म्हणजे सिस्टरांनी, तर “माझं सगळं घ्या, मला आता काय करायचंय?” म्हणून दोन्ही हात पुढे केले, तिचं तर नाहीच नाही. आणि मग कुठल्याशा पेढीत एक पिशवी जुळली. परक्या बाळाच्या नाळेतली. त्या दिवशी घरात सगळे मोठमोठ्याने बोलत होते. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी खाली मान घालून सांगितलं, पिशवी फार लहान आहे. तान्ह्या बाळाला पुरली असती. पाच वर्षांच्या पोरीला नाही पुरायची. पूर्वी असल्या छोट्या पिशव्याही ठेवून घेत, आता घेत नाहीत. आणखी शोधू, म्हणाले. शोधता शोधताच छकुली गेली.

मनीने देवाला बोल लावला नाही, डॉक्टरांना लावला नाही. तिचा सगळा राग त्या न पाहिलेल्या पिशवीवर होता. “भरायची तर नीट भरायची ना गं,” ती म्हणायची. “कुणी सोडली अशी अर्धवट? आणि कशासाठी?” सिस्टर नुसत्या तिच्या पाठीवरून हात फिरवायच्या. मग पुन्हा दिवस राहिले, आणि मनीने घरात कुणाला न विचारता ठरवून टाकलं की ह्या बाळाची पिशवी काठोकाठ भरायची आणि देऊन टाकायची. पेटीवाल्यांनी छकुलीचा आजार ऐकून आधी नन्नाचा पाढा लावला होता. मग सगळे रिपोर्ट तपासले, आजार घराण्यातला नाही अशी खात्री करून घेतली, आणि हो म्हणाले.

सुट्टीच्या दिवशी सिस्टर लेकीकडे गेल्या. जावई स्वयंपाकघराच्या ओट्यावर मिक्सर उघडून बसला होता. दुकानांतली मोठी शीतकपाटं दुरुस्त करायचा त्याचा धंदा, पण सुट्टीलाही काहीतरी उघडल्याशिवाय ह्या माणसाला चैन पडत नसे. मनी आतल्या खोलीत झोपली होती, निदान डोळे मिटून पडली होती.

“आई, तुम्ही तिला समजवा,” तो पाना खाली न ठेवताच म्हणाला. “ते रक्त आपण ठेवूया. आपल्याच बाळाच्या नावावर. खर्चाचं मी बघतो.”

“कशासाठी पण?”

“कशासाठी म्हणजे? छकुलीच्या वेळी डॉक्टर काय म्हणाले, विसरलात? तिचं स्वतःचं ठेवलेलं असतं तर काहीतरी करून बघता आलं असतं. आपण टाकून दिलं ते. वारेबरोबर, कचऱ्यात.”

घाव वर्मी बसला. तरी सिस्टर म्हणाल्या, “अहो, लाखांत एखाद्याला होतो तो आजार. वीज काय एकाच घरावर दोनदा पडते?”

“पडणार नाही असं वीज लिहून देते का?”

सिस्टरांनी हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. “आणि गोठवून ठेवणार म्हणे! फ्रीज बिघडतात म्हणून तर तुमचं पोट चालतं ना, जावईबुवा?”

तो हसला. मनात नसताना हसला आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. मिक्सरचं भांडं त्याने उगाच उलटंपालटं केलं. “मला त्याचा उपयोग नकोय हो, आई. मला झोप पाहिजे. बाळ नुसतं शिंकलं तरी मी उठून बसणार आहे, मला माझं ठाऊक आहे. कुठेतरी काहीतरी ठेवलेलं आहे एवढं मनाला माहीत असलं, की पडेन तरी जरा.”

सिस्टरांना भडभडून आलं. ठेवूया, असं त्या म्हणणारच होत्या. ओठांवर आलेलं होतं. पण दारात मनी उभी होती. चौकटीला धरून, केस विस्कटलेले.

“मी देणार आहे,” ती म्हणाली. “तुम्हाला दोघांना आपलं बाळ दिसतं. मला ती दुसरी दिसते. कुठल्यातरी दवाखान्यात पडलीये आणि तिची आई रोज विचारतेय, मिळाली का पिशवी, मिळाली का पिशवी.”

“आणि आपल्याला काही झालं तर?” नवऱ्याने विचारलं.

“नाही होणार.”

“कशावरून?”

“कशावरूनच नाही,” मनी म्हणाली. “तरी मी देणार आहे.”

दोन वर्षांत लेकीने पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. जेव म्हटलं की जेवायची, चल म्हटलं की यायची; पण हे मला हवंय असं छकुली गेल्यापासून तिच्या तोंडून आलं नव्हतं. सिस्टरांनी तेवढंच बघितलं, आणि पारडं लेकीकडे झुकवलं. “देऊ द्या हो तिला,” त्या जावयाला म्हणाल्या. “दिल्याने काही आटत नाही.”

तो बराच वेळ मिक्सरच्या पात्यांकडे बघत राहिला. “तुम्ही म्हणताय म्हणून,” तो म्हणाला. “तुम्ही रोज बाळंतपणं करता. तुम्हाला जास्त कळतं.”

सिस्टर निघाल्या तेव्हा मनी त्यांना पोचवायला जिन्यापर्यंत आली. “आई, एक वचन दे. त्या दिवशी तू थांबा म्हणायचं नाहीस.”

सिस्टरांच्या लगेच लक्षात आलं. बाळाकडे जितकं जास्त जाईल तितकं पिशवीत कमी येणार, हे सरळ होतं. पेटीवाल्यांनी सांगून ठेवलं होतं, बाळ रडलं की लगेच चिमटा लावा. मॅडमही म्हणाल्या होत्या, दिवस भरलेल्या धडधाकट बाळाला तेवढ्याने काही कमी पडत नाही.

“नाही म्हणणार गं.”

“तुझा काय भरवसा! बोटं खिशात घालून उभी राहा.”

“बाळंतपणात बोटं खिशात? मग झेलू काय दातांनी?”

मनी हसली. खळखळून हसली, किती दिवसांनी. “गळ्याशपथ?”

“गळ्याशपथ.”

मनीला सकाळी कळा सुरू झाल्या. दुपार कलली तशी तिला टेबलावर घेतलं. बाहेर पेटीवाले पेटी मांडीवर घेऊन बसले होते आणि त्यांच्या शेजारी जावई, दोघं एकमेकांशी न बोलता. मनी ओरडली नाही. ओठ चावून चावून तिने खालच्या ओठाची साल काढली. सिस्टर तिला कधी रागावत होत्या, कधी गोंजारत होत्या. परक्या बायकांना जे बोलायच्या तेच लेकीलाही बोलत होत्या. “अगं सोड श्वास, धरून काय ठेवलास, भाड्याने आणलाय का?” मॅडम हसल्या. आणि मग डोकं आलं, खांदा आला, आणि बाकीचं सगळं एकदम सिस्टरांच्या हातांत आलं. मुलगी.

आजवर किती बाळं झेलली ह्याला गणती नव्हती. झेलताना सिस्टरांना चेहरा कधी दिसत नसे. श्वास दिसे, रंग दिसे, हातपाय दिसत. चेहरा घरच्यांनी बघायचा. आज चेहरा दिसला. छकुलीचाच! तेच बिनभुवयांचं रुंद कपाळ, खालचा ओठ तसाच आत मुडपलेला. अहो, सगळी बाळं सारखीच दिसतात, असं लोकांना त्या स्वतःच हसून सांगत आल्या होत्या. बाळाने तोंड उघडलं आणि टाहो फोडला. चांगला खणखणीत.

“लावते हं, सिस्टर,” मॅडम म्हणाल्या.

सिस्टरांची बोटं नाळेवर होती. कधी गेली, त्यांना कळलं नाही. नाळ जोरात चालू होती. प्रत्येक ठोक्याला बाळाकडे एक घोट चालला होता. आणि दिल्याने आटत नाही असं जावयाला ऐकवणाऱ्या त्या बाईला एकाएकी अशी हाव सुटली की तिची तिलाच भीती वाटली. आणखी एक घोट. आणखी एक. परक्यांचं मागाहून बघू. ह्या पोरीच्या अंगात इतकं भरू दे, इतकं भरू दे, की आटायचं म्हटलं तरी जन्म सरेल.

“थांबा.”

मॅडमनी मान वर केली. “सिस्टर? आपलं ठरलंय ना?”

“थांबा म्हणतेय ना!”

मॅडमना वाटलं, सिस्टरांना काहीतरी दिसलं असेल. वर्षानुवर्षं त्यांच्या बोटांवर भरवसा ठेवायची सवय. त्या थांबल्या. मनीचं तोंड भिंतीकडे होतं. खोलीत बाळाच्या रडण्याशिवाय आवाज नव्हता. ठोके मंद झाले, अडखळले, लांब लांब पडायला लागले. नाळ पांढरी पडली आणि बोटांखाली चपटी झाली.

“आता लावा,” सिस्टर म्हणाल्या. आपण काय केलं ते त्यांना तेव्हाच कळून चुकलं होतं.

पेटीवाले आत आले. त्यांनी नाळेत सुई घातली, पिशवी खाली लोंबती सोडली. आधी जरा धार आली. मग थेंब. त्यांनी नाळ हळूहळू वरून खाली दाबत आणली, पिशवी हलवून बघितली, पुन्हा दाबली. पुढे काही आलं नाही. त्यांनी एकदा सिस्टरांकडे बघितलं आणि पिशवी घेऊन ते बाहेर गेले. बाळ-बाळंतिणीचं सगळं नीट बघून सिस्टर त्यांच्या मागोमाग गेल्या.

बाहेर टेबलावर छोटा काटा ठेवून त्यांनी पिशवीचं वजन केलं. “नाही चालायची, सिस्टर. निम्मीसुद्धा नाही भरली. एवढी कमी ठेवून घेता येत नाही.”

जावई उठून उभा राहिला. “मग आम्हाला? आम्हाला तरी ठेवता येईल ना?”

“त्या कंपनीची माणसं आत्ता इथे नाहीत, साहेब. आणि एवढ्याशाचा त्यांनाही उपयोग नाही. राग मानू नका. होतं असं कधीकधी.”

“होतं असं? कशाने होतं असं?”

पेटीवाले भले गृहस्थ. ते पेटीचा पट्टा नीट करत बसले.

“मी थांबवलं,” सिस्टर म्हणाल्या. “चिमटा लावू दिला नाही.”

“का?”

“मला सोडवेना हो,” एवढंच त्या म्हणाल्या.

जावई खाली बसला. हसल्यासारखं तोंड केलं त्याने, पण ते हसू नव्हतं. “वा, आई. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. मला ठेवू दिलं नाहीत. तिला देऊ दिलं नाहीत.” मग थोड्या वेळाने म्हणाला, “आता तिला सांगणार कोण?”

“मी सांगते.”

ती पिशवी सिस्टरांनीच उचलली. पेटीवाल्यांनी नाही म्हटलं नाही. पिशवी अजून कोमट होती. कचऱ्याच्या डब्याकडे नेताना त्यांना छकुलीसाठी सापडलेली ती दुसरी पिशवी आठवली, आणि ती अपुरी कशी राहिली असेल हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. तिथेही कुणीतरी उभं असेल. आई असेल, नाहीतर आजी. दुष्ट नसेल. नुसती आपल्या बाळाकडे बघत असेल. एवढंच पुरतं.

मनीला खाटेवर आणलं होतं. बाळ कुशीत होतं.

“भरली?” मनीने विचारलं.

सांगायचं म्हणूनच सिस्टर आल्या होत्या. वाटेत शब्दही जुळवले होते. पण लेकीचे डोळे बघितले आणि सगळे शब्द विरून गेले.

“भरली.”

“काठोकाठ?”

“काठोकाठ गं बाई. झोप आता.”

मनीने डोळे मिटले. सिस्टर तिच्या पायांवर पांघरूण ओढत तशाच उभ्या राहिल्या.

दवाखान्यात बाळाचं कौतुक झालं. मावशी तर दिवसातून दहादा येऊन बघायच्या. “काय रंग आहे गं बाई! लालबुंद! डाळिंब फुटलंय नुसतं.” सिस्टर मान डोलवायच्या. हा रंग कुठला, हे त्यांना ठाऊक होतं. जावयाने मनीला काही सांगितलं नाही; सासूशी मात्र तो कामापुरतं बोलायला लागला. औषध आणलंय. रिक्षा खाली उभी आहे. चहा ठेवलाय. भांडला असता तर परवडलं असतं.

आणि मनी विचारायची. सिस्टर आल्या की रोज. “आई, कुणाला मिळेल गं?”

“ते सांगत नाहीत.”

“तरी. मुलगी असेल?”

“असेलही.”

“केवढी असेल?”

“मला काय ठाऊक गं, मने!” असं म्हणून सिस्टर काहीतरी काम काढून उठायच्या. जावई खोलीत असला तर त्यांच्याआधीच उठून जायचा.

कामावर एक बाळंतपण सुरळीत झालं. बाळ रडलं. मॅडम चिमटा हातात घेऊन सवयीने थांबल्या, सिस्टरांच्या हुकुमाची वाट बघत. हुकूम येईना.

“सिस्टर?”

“लावा की. कशाला थांबलात?” सिस्टर दुसरीकडे बघत म्हणाल्या.

मॅडमनी त्यांच्याकडे नीट बघितलं. मग त्यांनी स्वतःचीच बोटं नाळेवर ठेवली आणि वाट बघितली. दारातल्या मावशींना हसू फुटणार होतं, ते त्यांनी गिळलं. त्या दिवसानंतर पाठीमागेही थांबाबाई म्हणायचं आपोआप बंद झालं.

बाळाला अंघोळ घालायला सिस्टर सकाळी कामावर जायच्या आधी लेकीकडे जायच्या. त्या दिवशी जावई लवकर बाहेर पडला होता. कुठल्याशा दुकानातलं शीतकपाट रात्रीतून बंद पडून सगळा माल वितळला होता. सिस्टरांनी पाय पसरून बाळाला पायांवर घेतलं होतं. मनी शेजारी बादलीतलं पाणी हाताने बघत बसली होती.

“आई,” ती म्हणाली, “पिशवी भरली नव्हती ना?”

सिस्टरांचा मग बादलीतच राहिला. आता खोटं बोलायचं त्राण नव्हतं. “नाही.”

“ठाऊक होतं मला.”

“जावयांनी सांगितलं?”

“नाही गं. तू भरली म्हणालीस ना, तेव्हाच कळलं. खरंच भरली असती तर तू एका शब्दावर थांबली असतीस? पेटीवाले काय म्हणाले, मॅडम काय म्हणाल्या, आजवर अशी पिशवी बघितली नाही, सगळं पुराण सांगितलं असतंस.” मनी पाणी ढवळत राहिली. “आणि मला ऐकू आलं होतं. तू थांबा म्हणालीस ते.”

“मने, मला त्या वेळी…”

“ऐक ना. मी शुद्धीत होते. कापा म्हणायला काय लागतं? एवढासा शब्द. माझं बाळंतपण, माझं ऐकलं असतं त्यांनी. मी भिंतीकडे तोंड केलं आणि गप्प पडून राहिले. मनात म्हणत होते, आईने अजून थोडं थांबवावं, अजून थोडं.” तिचा आवाज फाटला. “छकुलीची पिशवी अर्धवट सोडणाऱ्या त्या बाईला मी किती शिव्याशाप दिले, आई.”

सिस्टरांना लेकीला जवळ घ्यायचं होतं, पण पायांवर बाळ होतं आणि हात ओले होते. त्यांच्याच डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. बाळ मजेत हातपाय झाडत होतं, कोमट पाण्याने आणखी लाल झालेलं.

“मग रोज विचारत का होतीस गं?” सिस्टरांनी विचारलं. “कुणाला मिळेल, केवढी असेल. माझा जीव जायचा.”

मनीने बादलीतला हात बाहेर काढला. “ऐकायला बरं वाटायचं,” ती म्हणाली.

मग तिने ओला हात बाळाच्या पोटावर ठेवला. “आजही सांग ना.”

“काय सांगू?”

“केवढी असेल ती?”

सिस्टरांनी पाण्याचा मग उचलला. बाळाच्या छातीवर पाणी घातलं, गळ्याखालची घडी बोटाने साफ केली.

“असेल सात-आठ वर्षांची,” त्या म्हणाल्या. “पुढचे दात पडले असतील.”

“आणि?”

“शाळेत जात असेल. अभ्यासाचा कंटाळा असेल. आईचं एक म्हणून ऐकत नसेल.”

“केस?”

“औषधांनी गळलेले आले असतील परत,” सिस्टर म्हणाल्या. “चांगले दाट. विंचरू देत नसेल.”

मनीने मान हलवली, आणि टॉवेल पसरून बाळाला घ्यायला हात पुढे केले.